गिऱ्हाईकाच्या दारात उभे राहा



स्टार्टअपमध्ये कल्पना मोठी की अंमलबजावणी, यावर बोलायला मला सांगितले आहे. पण मघाशी वर्कशॉपवरून येताना ऑइलचा तोच वास आला आणि इथे शिकतानाचे फिटिंगचे तास आठवले. सर आमच्या जॉबला गुण्या लावून उजेडाकडे धरायचे. फट दिसली की म्हणायचे, “पुन्हा कर.” ड्रॉइंग सगळ्या वर्गाला एकच, पण जॉब प्रत्येकाचा वेगळा उतरायचा. सर, तुम्ही आज पहिल्या रांगेत आहात. आजच्या विषयाचे उत्तर तुम्ही आम्हाला तेव्हाच दिले होते: कल्पना एकच असली तरी फरक अंमलबजावणीने पडतो. उद्योगातही तेच.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली आणि पुढे लोखंडी नांगर करायला घेतला. ही कल्पना त्यांची नव्हती. विलायती नांगर आधीपासून होतेच. पण लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. तरी ते मागे हटले नाहीत, म्हणून १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. अलीकडचे बघा. ऑनलाइन दुकान फ्लिपकार्टने शोधून काढले नाही. पण आधी पैसे भरायला आपली माणसे बिचकतात, हे ओळखून त्यांनी २०१० मध्ये माल हातात पडल्यावर पैसे घेणे सुरू केले.

म्हणून मुलांनो, एकच सांगतो: गिऱ्हाईकाच्या दारात उभे राहा. कल्पना कोणी चोरेल या भीतीने ती वहीत दडवू नका. शेतकऱ्यासाठी काही करताय? मग बांधावर जा. दुकानदारासाठी करताय? संध्याकाळच्या गर्दीत त्याच्या गल्ल्याशेजारी थांबा. तो नाही म्हणाला, तर का ते विचारा, वस्तू सुधारा आणि पुन्हा त्याच्याच दारात जा. कल्पनेला खरा आकार तिथेच येतो.

पालकांना विनंती, मुलगी नमुना घेऊन बाजारात हिंडली तर ती वेळ वाया घालवते असे समजू नका. प्राचार्य महोदय, आपल्यालाही एक मागणे आहे: तास संपल्यावरही वर्कशॉप उघडे ठेवा. लागतील ती हत्यारे आम्ही माजी विद्यार्थी देऊ. आणि प्रकल्पांना बक्षीस मिळालेल्या मुलांनो, प्रमाणपत्र घरी ठेवा आणि सोमवारी पहिले गिऱ्हाईक गाठा.