म्हाताऱ्या पायांना काम हवे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही भाषण करणारी बाई नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुमच्या मावशीचे जे झाले तेच सांगा," म्हणून उभी राहिले. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

माझी मावशी एकटी. मूलबाळ नाही, काकाही गेले. दोन वर्षांपूर्वी ती आपल्या मनाने एका वृद्धाश्रमात राहायला गेली. गेली तेव्हा चालत गेली. हातातली पिशवीसुद्धा तिने मला घेऊ दिली नाही. तिथे सोय उत्तम होती. चहा पलंगावर, जेवण पलंगावर, आंघोळीला सेविका हाताला धरून नेणार. घरी येऊन मी सर्वांना सांगितले, मावशीला राणीसारखे ठेवले आहे.

दर महिन्याला मी भेटायला जाई. पहिल्यांदा ती फाटकापाशी उभी असे. मग व्हरांड्यातल्या खुर्चीत दिसू लागली. पुढे खोलीत, आणि वर्षभराने पलंगावरच. एकदा घसरून पडली. हाड मोडले नाही, पण धसका बसला. तेव्हापासून सगळेच म्हणू लागले, "आजी, उठू नका." त्यात मीही होते. तिने पाण्याच्या तांब्याकडे हात नेला की मी आधी उठत असे. मला वाटे, ही माझी माया.

एके दिवशी मी तिला बाहेर ऊन्हात बसायला चल म्हटले. ती म्हणाली, "पोरी, पायच उचलत नाही व माय. आणि चालून तरी जायचं कुठं आहे?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग एका व्यायामोपचार करणाऱ्या बाईंना मी विचारले. त्यांनी समजावून सांगितले ते मी माझ्या भाषेत सांगते. स्नायू हे धान्याच्या कोठीसारखे नसतात, की न वापरता ठेवले तर साठून राहतील. न वापरले की ते आटतात, आणि म्हातारपणी फार लवकर आटतात. २००७ साली अमेरिकेत साठी ओलांडलेल्या बारा धडधाकट माणसांना दहा दिवस नुसते अंथरुणावर ठेवून पाहिले. दहा दिवसांत त्यांच्या पायांचे सुमारे एक किलो मांस कमी झाले. मग माझी मावशी तर वर्षभर बसून होती!

पण त्यांनी दुसरी गोष्टही सांगितली, आणि तिनेच मला धीर आला. १९९० साली बॉस्टन शहरात वृद्धांच्या संस्थेतल्या दहा जणांना आठवडे आठ पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. सगळे नव्वदीच्या आसपासचे, अशक्त. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांच्या पायांतली ताकद सरासरी पावणेतीनपट झाली, आणि दोघांची काठी सुटली. नव्वदाव्या वर्षी जर स्नायू ऐकतात, तर अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी का ऐकणार नाहीत?

आम्ही आधी डॉक्टरांना दाखवले. रक्तदाब, डोळे, हृदय, चालू असलेली औषधे, सगळे तपासून घेतले. हे केल्याशिवाय कोणी काही सुरू करू नये. मग आश्रमाच्या व्यवस्थापक बाईंशी बोलले. त्यांनी सेविकेला शिकवू दिले. सुरुवात एवढीच : हात असलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, तिच्यात बसून एकेक पाय सरळ करायचा, आणि धरून पाच वेळा उठायचे, पाच वेळा बसायचे. पहिल्या दिवशी मावशी दोनदाच उठली आणि माझ्यावर रागावली. हळूहळू दहावर आली. मग ओटा धरून टाचा उचलणे, मग भिंतीशी चालणे. गरगरले, छातीत दुखले की थांबायचे. फरशी कोरडी हवी, पायात घट्ट चप्पल हवी. आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात तर सगळे सकाळीच उरकावे, आणि पाणी पाजावे.

भगिनींनो, मावशी काही धावू लागली नाही. काठी आहेच. शेजारच्या पलंगावरच्या आजींना अर्धांगवायू आहे, त्यांना एवढेही जमले नाही. त्या बसल्या बसल्या एका हाताने टाळी देतात. पण आज मावशी न्हाणीघरात आपल्या पायांनी जाते आणि आतून कडी लावते. त्या कडीचा आवाज ऐकून मी व्हरांड्यात उभी राहून रडले. म्हाताऱ्या माणसाची अब्रू कशात असते, ते मला त्या दिवशी कळले. (आता मात्र सेविकेच्या सांगण्यावरून ती कडी न लावता नुसते दार लोटते. पडली तर उघडता आले पाहिजे.)

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे, की पासष्टीपुढच्या माणसांनी आठवड्याला निदान १५० मिनिटे चालण्यासारखी हालचाल करावी, आणि तीन दिवस तरी ताकदीचा व तोल सांभाळण्याचा व्यायाम करावा. एवढे न जमणाऱ्याने जमेल तेवढे करावे, पण बसून राहू नये.

आपल्या नागपुरात हे काही नवे नाही. जनार्दनस्वामींच्या योगाभ्यासी मंडळाने विनामूल्य वर्ग चालवून कितीतरी वयस्कर माणसांना योगासनांची गोडी लावली. १९२१ साली कमलाताई होस्पेटांनी मातृसेवा संघ सुरू केला, तोही बायकांच्याच हातांनी वाढला. मग आपण सक्करदऱ्याच्या बायकांनी एवढे करू नये का? बुधवार बाजारातून दोन दोन पिशव्या आपण वाहून आणतो; आठवड्यातला एक तास आश्रमातल्या आज्यांसाठी काढू. भजन म्हणू, टाळ्या वाजवू, खुर्चीतून उठवू आणि बसवू.

आणि घरी सासूबाई तांदूळ निवडायला बसल्या, तुळशीला पाणी घालायला निघाल्या, तर "तुम्ही राहू द्या" म्हणून हातातले ताट, तांब्या काढून घेऊ नका. वेळ लागेल, पाणी सांडेल, लगेच पुसून घेऊ. मी माझ्या मावशीचे पाय मायेनेच घालवत होते. तुमच्याकडून तसे होऊ नये, एवढेच सांगायला उभी राहिले होते.

ज्यांना आश्रमात यायचे असेल त्यांनी आज जाण्यापूर्वी माझ्याकडे नाव द्यावे. वही आणली आहे.