म्यूटचं बटण

(मंडळाच्या गणेशोत्सवात तरुण सभासदांसमोर केलेले भाषण)



‘नेतृत्व आणि चारित्र्य’ या विषयावर बोलायचंय म्हटल्यावर बायको हसली. म्हणाली, “घरी रिमोटसुद्धा तुझ्या हातात नसतो, नेतृत्वावर काय बोलणार?” म्हणून उपदेश करत नाही, एक अनुभव सांगतो.

मी कॉम्प्युटर इंजिनिअर, बारा-तेरा वर्षं आयटी कन्सल्टंट आहे. नव्या मुलांना मी नेतृत्वाचं ट्रेनिंगही देतो. त्यातली माझी आवडती स्लाइड प्रा. सतीश धवन यांची. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ चं पहिलं उड्डाण झालं आणि यान बंगालच्या उपसागरात कोसळलं. प्रकल्पप्रमुख होते अब्दुल कलाम. कॉम्प्युटर ‘थांबा’ म्हणत असताना पुढे जायचा निर्णय आपलाच होता, हे पुढे त्यांनीच भाषणांतून सांगितलं. पण पत्रकारांसमोर इस्रोचे अध्यक्ष धवन स्वतः गेले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी आपल्यावर घेतली. १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत पोचला, तेव्हा मात्र पत्रकार परिषद त्यांनी कलामांना घ्यायला लावली.

या स्लाइडला टाळ्या हमखास!

दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी रात्री मी एक स्क्रिप्ट टेस्टऐवजी चुकून प्रॉडक्शनवर चालवली. बॅकअप होता, पण तो दुपारचा. संध्याकाळच्या सगळ्या ऑर्डर्स गेल्या. सोमवारच्या कॉलवर क्लायंटने विचारलं, “हे कुणी केलं?” आमचा मॅनेजर म्हणाला, “ऑफशोअरकडून झालं असावं.” स्क्रिप्ट लिहिली होती पुण्याच्या टीममधल्या एका मुलाने. नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं. लॉगमध्ये टीमचा सामायिक आयडी होता, माझं नाव कुठेच नव्हतं.

मी म्यूटवर होतो. आणि म्यूटवरच राहिलो.

मनात हिशेब चालू होता. विझा कंपनीच्या हातात, ग्रीन कार्डची फाइल अडकलेली, घराचा हप्ता, मुलीची शाळा. त्या मुलाकडून लेखी खुलासा मागवला गेला. रात्री त्याचा मेसेज आला, “सर, माझं काय चुकलं ते समजावून सांगाल का? मी परत परत तपासतोय, सापडत नाही.”

सापडणार कसं? चूक त्याच्याकडे नव्हतीच.

त्या रात्री झोप लागली नाही. धवनांनी तर दुसऱ्याची चूक अंगावर घेतली होती, मला माझीच घेता येत नव्हती! मंगळवारी सकाळी मॅनेजरला आणि क्लायंटला, दोघांनाही फोन करून खरं सांगितलं. मग पुण्याला फोन केला. त्या मुलाची माफी मागणं सगळ्यात अवघड गेलं.

शेवट गोड झाला असं समजू नका. मला त्या प्रोजेक्टवरून काढलं, प्रमोशनही गेलं. नोकरी वाचली, एवढंच. पण त्या रात्री मी गाढ झोपलो. सुख म्हणजे काय याची माझी व्याख्या तेव्हापासून सोपी झाली आहे.

आणखी एक गोष्ट घडली. आता काही बिघडलं की टीममधली मुलं रात्री-अपरात्री आधी मला फोन करतात. चूक लगेच कळली तर ती निस्तरता येते. दोन दिवस लपवली तर तिच्यावर दहा चुका चढतात. माणसं तुम्हाला न घाबरता खरं सांगतात, याहून वेगळं नेतृत्व मला तरी माहीत नाही. आणि ते स्लाइडने मिळत नाही. आपण स्वतः आधी खरं बोललो असलो, तरच मिळतं.

ती स्लाइड मी अजून दाखवतो. फक्त तिच्यानंतर आता माझी ही गोष्टही सांगतो. टाळ्या जरा कमी पडतात, पण प्रश्न जास्त येतात.

गणपती बाप्पा मोरया!