चाकाची तार आणि तिचा ताण



वसंत व्याख्यानमालेत सायकलच्या चाकाचा विषय काढला म्हणून कोणी हसू नये. आपल्या भंडारा जिल्ह्यात धानाचा कट्टा कॅरिअरवर टाकून पांदणीने निघालेल्या माणसाच्या तारा वाटेत तुटल्या म्हणजे काय होते, हे भर उन्हात ती सायकल ढकलीत नेणाऱ्यालाच ठाऊक.

बंडीचे चाक आठवा. तिथे ओझे तुंब्यावरून खालच्या आऱ्यावर येते आणि आरा ते खांबासारखे पेलतो. सायकलची तार जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची. तिच्यावर ओझे टेकवाल तर ती वाकेल. मग चाक उभे राहते कसे? तर मिस्त्री ती तार आधीच ताणून ठेवतो. पुढच्या चाकात ३२ आणि मागच्यात ४० तारा, ही जुन्या इंग्रजी घडणीची रीत. एकेका तारेत साठ किलोंचा ताण धरला, तर ३२ तारांच्या ओढीने रिमच्या अंगात सुमारे तीनशे किलोंचा दाब उभा राहतो. तापवून चढवलेली धाव निवताना बंडीच्या पुठ्ठ्यांना आवळते, तसाच काहीसा हा प्रकार. ओझे आले की खालच्या दोन-चार तारांचा ताण तेवढा उतरतो, इतकेच. तो पुरता संपला, की मात्र तार ढिली पडली.

म्हणून ‘फार ताणली म्हणून तुटली’ हा समज मला बहुधा उलटा वाटतो. सैल तार दर फेऱ्याला ढिली पडते, पुन्हा हिसका खाते, आणि खिळा मागेपुढे वाकवून तोडावा तशी हबजवळच्या वाकलेल्या टोकाशी तुटते. तिचा भार मग शेजारणींवर.

ताणालाही मर्यादा आहे. पण ती आधी येते रिमची. दाब फार झाला की रिम कडेला लचकू पाहते, आणि एखाद्या खड्ड्यात चाकाचा आठ होतो. चांगला मिस्त्री आउट काढताना एकच निपल पिळत बसत नाही. रिम उजवीकडे आणायची तर उजव्या बाजूच्या तारा पाव फेरा आवळतो, डाव्या तेवढ्याच सोडतो, आणि मग बोटाने एकेक तार छेडून ऐकतो. एका बाजूच्या तारांचा आवाज सारखा हवा. मागच्या चाकात फ्रीव्हीलकडचा सूर थोडा चढाच लागतो, त्याने घाबरू नये.

कट्टा लादण्यापूर्वी घरीही हे करता येते. चाक उचलून तारा छेडा; जी बद्द वाजेल तिला दोरा बांधा, आणि मग दुकान गाठा.