ट्रॉलीला कंपनी नाही

(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



सकाळपासून भावावर बोलणे चालले आहे. मला विषय दिला आहे तो "रस्त्यात गाडी बंद पडली तर मदत कोणाची घ्यावी" हा. विषय ऐकून मागे दोघेतिघे हसले ते मी पाहिले. हा मोटारवाल्यांचा प्रश्न, आपला काय संबंध, असे त्यांना वाटले असेल. संबंध असा आहे. खेडा खरेदीचा व्यापारी दारात येतो, पण दारातला भाव वेगळा आणि जिनिंगच्या काट्यावरचा भाव वेगळा. तो फरक पदरात पाडायचा तर ट्रॉली रस्त्यावर काढावी लागते. ती मध्येच बसली तर फरक तिथेच संपतो, कधी कधी माणूसही संपतो.

माझ्या घरचीच गोष्ट सांगतो. माझ्या चुलतभावाची ट्रॉली, २५ क्विंटल कापूस, पारोळ्याकडून जळगावला निघालेली. वेचणीची मजुरी चुकती करून, माल भरून निघायला रात्रीचे नऊ वाजले. पहाटे रांगेत पहिला नंबर लागावा ही घाई. एरंडोलच्या अलीकडे ट्रॉलीचा टायर फुटला. स्टेपनी नाही. जॅक होता, तो ट्रॅक्टरचा. भरलेल्या ट्रॉलीखाली घातला तर साइडपट्टीच्या मातीत रुतला. खाली घालायला फळी नाही.

त्याच्या शालकाने मोटारीसाठी रस्त्यावरच्या मदतीचे एक कार्ड विकत घेतले होते, वर्षाचे पैसे भरून. त्या नंबरला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी अगदी गोड आवाजात विचारले, "वाहन कोणते?" ट्रॅक्टर-ट्रॉली म्हटल्यावर उत्तर आले, "हे वाहन आमच्या योजनेत बसत नाही." एका खासगी क्रेनवाल्याने आधी आकडा सांगितला, माल भरलेला आहे हे कळल्यावर दुप्पट केला. शेवटी मी त्याला १०३३ लावायला सांगितले. गस्तीची गाडी आली, तिने मागे शंकू ठेवले, पिवळा दिवा फिरता ठेवला. माणसे भली होती. पण ती म्हणाली, आम्ही गाडी बाजूला घेऊ शकतो, टायर बसवून देऊ शकत नाही. बरोबरच बोलली. टायर गावाहून आला तो पहाटे.

रात्रभर कापूस उघड्यावर होता. ताडपत्री घरी राहिलेली, आणि थंडीचे दव. निघताना ओलावा ९ टक्क्यांच्या आसपास होता, केंद्रावर मीटरने ११ दाखवला. आता हिशेब करा. सीसीआयच्या खरेदीत ८ टक्के ओलावा हा आधार. त्यापुढे दर टक्क्याला भावात एक टक्का कपात, आणि १२ च्या वर गेला की माल परत. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये धरला तर एका टक्क्याला क्विंटलमागे ८१ रुपये जातात. दोन टक्के, २५ क्विंटल, म्हणजे चार हजारांवर रक्कम. फुटलेल्या टायरचा खर्च वेगळाच. कापूस हवेतली ओल पितो, हे मी कृषी महाविद्यालयात शिकलो होतो. रस्त्यावर उभा राहून प्यायला लागला की खिशातून पितो, हे त्या रात्री कळले.

म्हणून मदतीचे जेवढे मार्ग आहेत ते मी तपासले. तुमच्यापुढे ठेवतो.

पहिला मार्ग फुकटचा. १०३३ हा राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक २०१८ मध्ये सुरू झाला. सुरत-नागपूर रस्ता, आपला जुना ६ नंबर, आता ५३, त्यावर तो चालतो. गस्त, क्रेन, रुग्णवाहिका ही या रस्त्याची व्यवस्था आहे. ती मागायला लाजू नका. काही जण म्हणतात, ट्रॅक्टरला टोल नाही, मग आपण कोणत्या तोंडाने बोलवायचे? अहो, आपण डिझेलवर भरतो ना! वावरात नांगर ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या डिझेललाही रस्त्याचा उपकर लागतो. २०२१ च्या अर्थसंकल्पात तर शेतीच्या पायाभूत सोयींच्या नावाने डिझेलवर लिटरमागे ४ रुपयांचा उपकर बसवला. शेतीसाठी कर, आणि भरणारा पुन्हा शेतकरीच! तेव्हा फोन हक्काने करा. फक्त फोन करताना जवळच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा आणि आपण कोणत्या दिशेने चाललो ते सांगा. "एरंडोलच्या पुढे, मोठ्या लिंबाजवळ" एवढ्यावर गस्तीच्या गाडीला जागा सापडत नाही. आणि १०३३ ची मर्यादा ओळखा. रस्ता मोकळा करणे हे तिचे काम, दुरुस्ती नव्हे. शिवाय ती राष्ट्रीय महामार्गाची सोय. आपल्या ट्रॉलीचे पहिले पाच-सहा कोस गावरस्त्याचे असतात, आणि जास्त आदळआपट तिथेच होते.

दुसरा मार्ग विम्याचा. विम्याला जोडून थोडा जादा हप्ता घेऊन रस्त्यावरची मदत देतात. ती बहुधा फुल विमा असेल तरच मिळते, नुसत्या थर्ड पार्टीवर नाही. पंक्चर, बॅटरी, संपलेले इंधन, आत राहिलेली चावी, ठराविक अंतरापर्यंत ओढून नेणे, असे त्यात असते. मोटारसायकलला, जीपला, भाजीपाल्याच्या पिकअपला हा सौदा वाईट नाही. मात्र एजंटाला चार गोष्टी विचारा. माझे वाहन नेमके त्यात आहे का? माल भरलेले असताना मदत मिळेल का? किती किलोमीटरपर्यंत ओढणार आणि वर्षातून किती वेळा येणार? आणि आमच्या तालुक्यात तुमचा माणूस कुठे बसतो? चौथ्या प्रश्नाला एजंट इकडेतिकडे पाहायला लागतो. पुण्या-नाशकात अर्ध्या तासात येणारी मदत शिरपूरच्या पुढे पळासनेरला किंवा चाळीसगावच्या वर कन्नडच्या घाटात किती वेळाने येईल, हे कागदावर लिहिलेले नसते. जो तोंडी सांगतो, त्याच्याकडून लिहून घ्या.

तिसरा मार्ग कंपनीचा. नवा ट्रॅक्टर वॉरंटीत असेपर्यंत डीलरचा मिस्त्री बोलावता येतो, वावरातसुद्धा. बिघाड इंजिनाचा किंवा गिअरचा असेल तर त्याला आधी फोन करा. दुसऱ्याने हात घातला की वॉरंटीचा वाद उभा राहतो.

आता खरी गोम सांगतो. रस्त्यात जास्त बसते ते काय? टायर ट्रॉलीचा, बेअरिंग ट्रॉलीचे, पाटा ट्रॉलीचा, हुकाची पिन ट्रॉलीची. आणि ट्रॉली कोणी बनवली? तालुक्याच्या वर्कशॉपवाल्याने, वेल्डिंग करून. तिला कंपनी नाही, वॉरंटी नाही. पुष्कळ ट्रॉल्यांची नोंदणी नाही आणि विमाही नाही. ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणजे ट्रॉलीचा झाला असे समजू नका. तिची नोंद आणि हप्ता वेगळा असतो. ट्रॉलीत बसवलेले मजूर आणि भाड्याने वाहिलेला दुसऱ्याचा माल, या दोन गोष्टींवर दावे अडकतात. पोळ्याला बैलाबरोबर ट्रॅक्टरलाही हार घालणारे आहेत. ट्रॉलीला कोणी घालत नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. ट्रॅक्टर-ट्रॉलीसाठी रस्त्यावरच्या मदतीचे कार्ड कोणी विकायला आला तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. तेच पैसे ट्रॉलीच्या स्टेपनीत घाला. एक भक्कम जॅक, त्याच्याखाली सागाची फळी, चाकाला लावायला लाकडी ओट, साखळी, दोन जादा पिना, ताडपत्री. यात नवे काहीच नाही, पण आपल्यातल्या किती जणांच्या ट्रॉलीत हे सगळे असते, ते बाहेर जाऊन मोजा.

एकट्याला खर्च जड वाटत असेल तर गावातले दहा-बारा ट्रॅक्टरवाले मिळून करा. जर्मनीत १९०३ मध्ये मोटारसायकलवाल्यांनी अशीच एक संघटना काढली. आज तिचे सभासद दोन कोटींच्या वर आहेत, आणि वर्गणीच्या पैशावर तिचे पिवळ्या गाड्यांतले मिस्त्री रस्तोरस्ती फिरतात. सुरुवात सरकारने केली नाही, विमा कंपनीनेही नाही, वाहनवाल्यांनी केली. मुंबईतही १९१९ मध्ये मोटारवाल्यांनी आपली संघटना काढली. त्यांच्याकडे तेव्हा मोटारी होत्या, म्हणून त्यांना सुचले. आता आपल्याकडे ट्रॅक्टर आहेत. गावात एक सामाईक जॅक, त्या-त्या मापाचे दोन टायर, पाच-सहा बेअरिंगा, आणि हंगामात रात्री फोन उचलणारा एक माणूस पाळीपाळीने. जिनिंगच्या रस्त्यावर पारोळा, एरंडोल, पाळधी, जिथे जिथे रात्री उठणारा मिस्त्री आहे, त्याचा नंबर प्रत्येक ट्रॉलीच्या फाळक्यावर रंगवून घ्या. मोबाईलमध्ये असलेला नंबर बॅटरी संपली की जातो.

आता जिवाचे. ट्रॉली बंद पडली की आपण काय करतो? मागे चार दगड ठेवतो, बाभळीची फांदी टाकतो. अंधारात ऐंशीच्या वेगाने येणाऱ्या ट्रकला फांदी दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. ट्रॉली निघून जाते आणि दगड तिथेच राहतात, मग मागून येणारा मोटारसायकलवाला, तोही आपलाच कोणीतरी, त्या दगडांवर जातो. टायर बदलताना चालक ट्रॉलीच्या मागे उकिडवा बसलेला असतो, दिव्याला पाठ करून. टेंभा पेटवून खूण करणारेही मी पाहिले आहेत. अरे, ट्रॉलीत कापूस आहे!

जीप-पिकअपला मिळणारा लाल त्रिकोण ट्रॉलीसाठीही विकत घ्या. गाडीपासून पन्नास-साठ पावले मागे ठेवा, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. जाताना तो उचला, आणि दगड ठेवले असतील तर तेही उचला. माणसांना रस्त्याच्या खाली उतरवून बसवा, ट्रॉलीच्या सावलीत नको. कोणाला लागले तर १०८. ही रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात फुकट आहे. पोलीस हवे तर ११२. आणि दुसऱ्याचा अपघात दिसला तर "केस मागे लागेल" म्हणून निघून जाऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम आले. मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही, आणि चांगल्या हेतूने केलेल्या मदतीबद्दल त्याच्यावर खटला होत नाही.

बोलणे लांबले. बाहेर लिंबाखाली अकरा ट्रॉल्या उभ्या आहेत. सकाळी मी मागून फिरून आलो. तिघांच्या फाळक्याला रेडियम आहे, त्यातल्या एकाचे चिखलाने झाकले आहे. मागच्या टेबलावर लाल रेडियमचा रोल आणि कात्री ठेवली आहे. फाळका आधी ओल्या फडक्याने पुसा, सुकू द्या, मग चिकटवा. डाव्या-उजव्या कोपऱ्याला एकेक हात आणि मध्ये आडवी पट्टी. अंधार पडायच्या आत सगळ्यांचे होईल, तोवर कोणी निघू नका.