तोरणमाळची सफेद मुसळी



केशराच्या प्रजातीतील अनेक फुले युरोपात व पश्चिम आशियात बर्फ वितळू लागताच जमिनीतून वर येतात. काश्मीरमधील पांपोरचे केशर मात्र शरदात फुलते. सातपुड्यात केशर नाही. परंतु जमिनीत अन्न साठवून वर्षातील बराच काळ निजून राहण्याची तीच रीत तोरणमाळच्या परिसरातील सफेद मुसळीनेही पत्करली आहे. तिचा वसंत म्हणजे मृगाचा पाऊस.

फादर सांतापाव व फर्नांडिस यांच्या नावे १९५५ साली या वनस्पतीची शास्त्रीय नोंद झाली. मुंबईजवळच्या बोरिवलीचे नाव तिला मिळाले, हे आज त्या उपनगराकडे पाहून कोणास खरे वाटणार नाही.

पहिल्या पावसात पाने फुटतात, मागोमाग पांढरी फुले येतात आणि पावसाळा सरताना कांद्याच्या बियांसारखे काळे बी गळते. त्यांपैकी फार थोडे रुजते. पुढे पाने वाळून जातात आणि झाड कोठे होते याची खूणही उरत नाही. खरी अडचण येथेच आहे. मुळे पक्व होतात ती पाने गेल्यावर; म्हणून रानात खणणारा पाने हिरवी असतानाच कुदळ चालवितो. माल कच्चा निघतो, त्याला भाव कमी येतो आणि बीही पडत नाही. भिल्ल व पावरा कुटुंबांच्या हाती दोन पैसे येतात, पण पुढील वर्षाचे पीक त्याच खड्ड्यात संपते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने कंदमुळांसह गौण वनउपजावरील हक्क मान्य केला असून जैवविविधता राखण्याचा अधिकार ग्रामसभेस दिला आहे. अक्राणी तालुका अनुसूचित क्षेत्रात असल्याने पंचायत सदस्यांच्या शब्दाला येथे विशेष वजन आहे. केवळ बंदीचा ठराव करून भागणार नाही. पोटाचा प्रश्न ठरावाने सुटत नसतो. पावसाळ्यातच मुसळीच्या जागी खुंट्या रोवून ठेवाव्यात आणि हिवाळ्यात खणावे, एवढे ठरले तरी पुष्कळ झाले.

मुसळीचे नुसते बोट लावून रोप येत नाही. खोडाच्या चकतीचा तुकडा त्याला असावाच लागतो. म्हणून जाड बोटे काढून घ्यावीत आणि चकती दोनतीन बारीक बोटांसह त्याच खड्ड्यात ठेवून माती लोटावी.