'वेइजी' : एका चिनी शब्दाचा अर्थ



व्यासपीठावरून वरचेवर ऐकू येणारे एक वाक्य आपल्या परिचयाचे असेल : 'संकटाला जो चिनी शब्द आहे, त्याचे पहिले अक्षर धोका व दुसरे संधी.' अमेरिकेच्या केनेडींनी ते १९५९ साली भाषणात योजिले. अल गोर यांनी २००७ च्या नोबेल व्याख्यानात. आम्हीही त्यावर टाळ्या घेतल्या आहेत. पुढे एकदा व्याख्यान संपल्यावर, नोकरी सुटलेले एक गृहस्थ आम्हास भेटले. "आमची संधी कोठे आहे हो?" एवढेच त्यांनी विचारले. आम्हांपाशी उत्तर नव्हते. तेव्हा कोठे आम्ही त्या शब्दाची चौकशी केली.

शब्द आहे 'वेइजी'. 'वेइ' म्हणजे धोका, यात वाद नाही. वाद आहे 'जी'चा. 'जी' म्हणजे मुळात यंत्राची कळ, धनुष्ययंत्राचा बाण सोडणारा खटका. त्यावरून यंत्र, आणि त्यावरूनच गोष्ट इकडे किंवा तिकडे वळण्याचा क्षण, असे अर्थ निघाले. संधी म्हणावयाचे तर चिनी माणूस त्यास 'हुइ' जोडून 'जीहुइ' म्हणतो. विमानास तो 'फेइजी' म्हणतो. म्हणजे उडणारे यंत्र, उडण्याची संधी नव्हे! आपल्याकडेही 'संधी' म्हणजे सांधा, तह आणि अनुकूल वेळ. पण गुडघे धरलेल्या आजोबांना 'संधिवात म्हणजे वाताने दिलेली संधी' असे कोणी सांगितले, तर ते काठीच उगारतील.

तेव्हा 'वेइजी' म्हणजे धोक्याचा ऐन क्षण. आर्थिक अरिष्टास चिनी भाषेत 'जिंगजी वेइजी' म्हणतात. खुद्द केनेडींपुढे १९६२ साली क्यूबातील क्षेपणास्त्रांचा जो पेच उभा राहिला, त्यालाही चिनी भाषेत 'वेइजी'च म्हणतात. तेथे जग वाचते की बुडते, हा प्रश्न होता.

अलीकडे चिनी वक्तेही हा शब्द फोडून 'धोक्यात संधी' असा श्लेष करतात. खुशाल करोत, भाषा त्यांची आहे. पण श्लेष म्हणजे व्युत्पत्ती नव्हे.

संकटातून माणसे वर येतात, हे खरेच आहे. मात्र ती येतात धैर्याने, कष्टाने आणि शेजाऱ्यांच्या आधाराने. तो आधार देणे कठीण, आणि परक्या शब्दाचा दाखला देणे सोपे. म्हणून आम्ही वक्ते दाखला देऊन मोकळे होतो. त्या गृहस्थांना आज आम्ही एवढेच म्हणू, "संधी आम्हास दिसत नाही, पण बसा, काय करता येईल ते मिळून पाहू."