एका मोटरचा पंजा

हौशी रोबोटसाठी पंजा करायला बसलेला माणूस पहिला हिशेब मोटरचा मांडतो. बोटे जितकी तितक्या मोटर, आणि खिशाला परवडावे म्हणून त्या हलक्या प्रतीच्या. माझ्या मते हा हिशेब चुकीच्या टोकाकडून सुरू होतो. मोटर स्वस्तातली घेतल्याने पंजा परवडत नाही. मोटरवरचा भार बोटांच्या घडणीने उचलला, तरच तो परवडतो.

सगळीकडे मिळणारी एसजी-९० ही ९ ग्रॅम वजनाची सर्व्हो मोटर घेऊ. ४.८ व्होल्टवर ती अडून थांबेपर्यंतचा टॉर्क सुमारे १.८ किलो-सेंटीमीटर असतो. तिने दातेरी चाकांमार्फत ५ सेंटीमीटर लांबीची दोन बोटे मिटवली, तर गिअरमधली घट सोडूनही प्रत्येक टोकाला फार तर १८० ग्रॅमचा दाब मिळेल. गुळगुळीत प्लॅस्टिकचा घर्षणांक ०.२ धरला, तर दोन्ही बाजू मिळून ७२ ग्रॅम पेलले जातात. त्याच टोकांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे रबर चिकटवले आणि घर्षणांक ०.८ धरला, की तोच पंजा २८८ ग्रॅम पेलतो. मोटर बदललेली नाही. खर्च आहे पंक्चरवाल्याने फेकलेल्या तुकड्याचा! अर्थात हे आकडे मोटर पुरती अडलेली असतानाचे आहेत, आणि त्या अवस्थेत तिला ठेवणे म्हणजे तिचा जीव घेणे. अडलेली मोटर फिरत नाही, वीज मात्र खात राहते. ती सगळी उष्णतेत जाते आणि गुंडाळी तापते. म्हणून एक तृतीयांश, म्हणजे साधारण ९५ ग्रॅम हीच भरवशाची मर्यादा मानावी. त्याहून शहाणपणाची रचना अशी, की पकड स्प्रिंगने घ्यावी आणि मोटरने फक्त पंजा उघडावा. मोटरला उघडता येईल इतकीच स्प्रिंग कडक हवी, एवढे पथ्य पाळले की वस्तू धरलेली असताना मोटर निवांत असते आणि वीज गेली तरी वस्तू सुटत नाही.

बोटांनाच शहाणे करण्याची ही वाट नवी नाही. येल विद्यापीठाच्या ओपनहँड प्रकल्पाने २०१३ मध्ये ‘मॉडेल टी’ हा हात खुला केला. त्यात चार बोटे, आठ सांधे आणि मोटर एकच आहे. सांधे लवचिक रबराचे. दोरी आणि कप्प्या ओढ अशी वाटतात, की एक बोट वस्तूला टेकून थांबले तरी उरलेली मिटत राहतात. वस्तूचा आकार संगणकाला कळावा लागत नाही, तो बोटे आपोआप घेतात. (त्यातली मोटर मात्र हौशी खिशाला जड आहे, उचलायची ती कल्पना.) २०१० मध्ये कॉर्नेल आणि शिकागोच्या संशोधकांनी तर बोटेच काढून टाकली. रबरी फुग्यात कॉफीची भुकटी भरून तो वस्तूवर दाबायचा आणि आतली हवा ओढून घ्यायची. भुकटी घट्ट होते आणि वस्तू पकडली जाते.

यावर कोणी म्हणेल, अशा लवचिक बोटांत अचूकता कुठली? आक्षेप खरा आहे. सुई धरून दोरा ओवायला ही बोटे कामाची नाहीत. पण हौशी रोबोटच्या हाताचे सांधेच काही मिलिमीटर हलत असतात. तिथे ताठ बोट वस्तूला ढकलून पाडते, लवचिक बोट ती चूक पोटात घालते. दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी: बाजारात तयार धातूचा पंजा मिळतो, मग हा उद्योग कशाला? नुसता वापरायचा असेल तर तो जरूर घ्यावा. पण त्याचे बोट आखूड पडले किंवा दाता तुटला, तर मूळ आराखडा हाती नसल्याने तिथेच गाडे अडते. खुल्या पंज्याची खरी किंमत दुरुस्तीच्या वेळी कळते.

दुर्दैवाने ‘खुला’ म्हणवणाऱ्या कित्येक पंज्यांची नुसती एसटीएल फाइल मिळते. तीत फक्त पृष्ठभागाचे त्रिकोण असतात. भोकाचा व्यास अर्ध्या मिलिमीटरने वाढवायचा तरी झगडावे लागते. खुल्या हार्डवेअरची सर्वमान्य व्याख्या बदल करता येण्याजोगी मूळ फाइल मागते, ती याचसाठी. सगळे खुले केले तर करणाऱ्याने खायचे काय, ही शंका रास्त आहे. पण २००५ साली इटलीत जन्मलेल्या आर्डुइनोने बोर्डाचा आराखडा खुला ठेवून नावाचा हक्क स्वतःकडे राखला आणि नकला होऊनही तो टिकला. तेव्हा आपला पंजा इतरांपुढे ठेवणाऱ्यांना माझी विनंती आहे: मूळ फाइल द्या, स्क्रू कोणत्या मापाचे ते लिहा आणि किती ग्रॅमला वस्तू निसटली, तेही लपवू नका.